मदत हवी आहे: बेल्ट घालायला शिकवलं, पण लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं?

नमस्कार मंडळी,

काही महिन्यांपासून आमच्या टीमच्या सेफ्टीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आम्ही १४ जण. काम शेडच्या छपरांचं: पत्रे बदलणं, पन्हळी साफ करणं, अधूनमधून ट्रसला (छपराच्या सांगाड्याला) रंग. उंची बहुतेक वेळा ४ ते ९ मीटर. मी स्वतः आठ वर्षं वरच काढलीत, त्यामुळे उंचीची भीती नाही. शिकवायची मात्र वाटते.

परवा बाहेरून एक प्रशिक्षक आले होते. दिवसभर पडद्यावर चित्रं. बेल्ट (खांदे-मांड्यांना पट्टे असलेला, अंगभर घालायचा) कसा चढवायचा, मागची डी-रिंग, म्हणजे दोरी अडकवायची कडी, दोन खांद्यांच्या मधोमध कशी यायला हवी, मांडीच्या पट्ट्यात सपाट पंजा सरकला पाहिजे पण मूठ नाही, वगैरे. चुकीचं काही सांगितलं नाही. शेवटी प्रश्नपत्रिका, सगळे पास, सह्या. सामान आवरताना आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराने विचारलं, "सर, मी पडलो, बेल्टने धरलं. मग?"

"मग तू वाचलास."

"वाचलो, पण लटकतोय ना. उतरवणार कोण?"

सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं. आमची शिडी तिथवर पोचत नाही, आणि अग्निशमन दल येईपर्यंत तो तसाच टांगलेला राहणार.

दुसऱ्या दिवशी टेप आणि खडू घेऊन ५ मीटरच्या शेडच्या खांबापाशी गेलो. आमची पोरं दोरीचा हुक पायाजवळच्या पर्लिनला (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्टीला) अडकवतात, म्हणून वरून मोजायला सुरुवात केली. दोरी २ मीटर, पहिली खूण. पडल्यावर दोरीतली झटका शोषणारी पिशवी उसवत जाते, युरोपीय मानक ईएन ३५५ प्रमाणे जास्तीत जास्त १.७५ मीटर. दुसरी खूण ३.७५ वर. डी-रिंगपासून तळपायापर्यंत माणूस साधारण दीड मीटर, म्हणजे ५.२५. तिसऱ्या खुणेला खांबच उरला नाही, खाली काँक्रीट. शिवाय पायाखाली १ मीटर मोकळी जागा धरायची असते ती वेगळीच, म्हणजे एकूण ६.२५ मीटर लागतात. इतकी वर्षं मी याच शेडवर बेल्ट घालून निवांत फिरलोय.

तर माझे प्रश्न:

सुटकेचा सराव खऱ्या माणसाला लटकवून करायचा का? कमी उंचीच्या शेडवर बेल्टच्या जागी काय? आणि आमच्यात एक वयाने मोठे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. दोन हुकांच्या दोरीतला एक हुक ते पर्लिनला लावतात आणि दुसरा मोकळा लोंबायला नको म्हणून छातीवरच्या रिंगेत अडकवतात. मला ते खटकतं, पण का ते सांगता येत नाही. काकांना "खटकतं" एवढं पुरत नाही.

---

दोरीवरचा:

काकांचं आधी, कारण ते आजच थांबवायला हवं. दोन हुकांच्या दोरीला पिशवी एकच असते, दोन्ही शेपट्या जिथे जुळतात तिथे. मोकळा हुक छातीवरच्या रिंगेत गेला की पडताना सगळा भार एका शेपटीतून दुसऱ्या शेपटीत आणि तिथून थेट रिंगेवर येतो. पिशवी बाजूला राहते, उसवतच नाही. जो झटका ६ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा, तो त्याच्या कितीतरी वर जातो. मोकळ्या हुकासाठी बेल्टवर एक हलका फासा शिवलेला असतो, जोर आला की तो सुटतो. तिथेच अडकवायचा. नसेल तर हुक मोकळा लोंबू दे.

आता सुटका. सराव पोत्यावर करा. ८० किलोच्या आसपास वाळू भरा आणि पोत्याला जुना, बाद झालेला बेल्ट घाला. पोतं टांगलं की पहिल्या मिनिटात कळेल की ताणावर असलेला हुक हाताने सुटत नाही. माणूस आधी चार बोटं वर उचलावा लागतो, मग हुक निघतो, मग खाली सोडायचा. म्हणून किटमध्ये आधीच ओवून ठेवलेली कप्पी लागते, आणि लांबून रिंग पकडायला दांडा. ऐन वेळी दोर ओवत बसलात तर संपलं. दोरी कापायला सुरी घेऊन कुणी वर जाणार नाही हेही आधीच ठरवा. घाईत नको तो दोर कापला जातो.

खऱ्या माणसाला टांगायचंच असेल तर पायाखाली स्टूल येईल इतकंच वर, दुसरा स्वतंत्र दोर लावून, दोन-तीन मिनिटं. त्याने एक कळतं: मांडीचे पट्टे कसे रुततात. पुढच्या वेळी पट्टे नीट लावा असं सांगावं लागत नाही.

आणि शिकवताना किमान तिघांना तयार करा. ज्याला येतं तोच लटकलेला असू शकतो.

---

प्रथमोपचारवाली:

स्थिर लटकलेल्या माणसाच्या पायांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं. आडवा पडला असता तर शरीराने सावरून घेतलं असतं, इथे आडवं होता येत नाही. शुद्ध काही मिनिटांतही जाऊ शकते. शुद्धीत असेल तर पाय हलवत राहायला सांगा. बेल्टला लावायचे पायफासे मिळतात, त्यात उभं राहता येतं. ते वापरायला जमिनीवरच शिकवा, वर गेल्यावर कुणी पाकीट उघडत नाही.

खाली आणल्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसवून ठेवायचं, आडवं करायचं नाही, असं एक जुनं शिक्षण अजून फिरतं. त्याला पुरावा नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने हे तपासून घेतलं आणि नेहमीचाच प्रथमोपचार करा असं सांगितलं: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण. बेशुद्ध असून श्वास चालू असेल तर कुशीवर. शुद्धीत असला तरी दवाखान्यात न्याच.

---

जुना फोरमन:

५ मीटरच्या शेडवर झेलणाऱ्या दोरीचा नाद सोडा. तिथे माणूस कडेपर्यंत पोचताच कामा नये. आखूड दोरी, मागे पक्क्या जागी बांधलेली, कडेच्या अलीकडेच ताण येईल अशी. नाहीतर कडेला कठडा. त्याहून बरं म्हणजे जे काम खालून, चाकांच्या मचाणावरून किंवा लिफ्टच्या पाळण्यातून होतं, त्यासाठी छपरावर जायचंच नाही. पन्हळी साफ करायला वर चढणारे मी पुष्कळ पाहिलेत, उगाच.

पण तुमच्या धाग्यात एक गोष्ट आलीच नाही: उजेडाचे प्लास्टिकचे पत्रे. ऊन खाऊन ते ठिसूळ होतात, वर धूळ बसते, कधी कुणी रंगही मारलेला असतो, आणि बाजूच्या पत्र्यात मिसळून जातात. जुना सिमेंटचा पत्राही तसाच. तिथे कडेपासून अंतर राखून उपयोग नाही, भोक पायाखालीच पडतं. "स्क्रूच्या ओळीवरून चाला, खाली पर्लिन असतं" असं शिकवत असाल तर बंद करा, तो तोल सावरायचा खेळ आहे. रुंद फळ्या टाका, जमलं तर खाली जाळी बांधा. चढायच्या आधी आतून छपराकडे बघायची सवय लावा. उजेड कुठून येतो ते खालून स्पष्ट दिसतं.

काकांना व्याख्यान देऊ नका. खराब आणि चांगले बेल्ट एकत्र टाका आणि खराब कुठले ते त्यांनाच काढायला सांगा.

---

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):

सगळ्यांचे आभार. हुकाचं कारण काकांना दोरी हातात देऊन दाखवलं. काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून रिंग मोकळी असते.

पोतं टांगलं. पहिला प्रयत्न १९ मिनिटं, त्यातली सहा कप्पीचा दोर कुठून कुठे जातो यावर वाद घालण्यात. चौथ्या प्रयत्नात सातवर आलो. ज्या पोराने प्रश्न विचारला होता त्याचा हात यात सगळ्यात साफ आहे.

बेल्टचा खेळही केला. ढिगात पाच खराब बेल्ट मिसळले होते: वेल्डिंगची ठिणगी लागलेला, शिवण उसवलेला, रंगाने पट्टा कडक झालेला, लेबल गेलेला, आणि एक ज्याच्या हुकाची स्प्रिंग मेलेली. काकांनी सहा काढले. सहाव्याच्या मांडीच्या पट्ट्याला बकलच्या आतल्या बाजूने काप गेला होता, पट्टा पूर्ण ओढून बाहेर काढल्याशिवाय दिसत नव्हता. तो बेल्ट माझा. बाद केला.

आता अडलंय ते दांड्यावर. पुरता लांब केला की टोक इतकं डुलतं की रिंग सापडेपर्यंत हात भरून येतो. दोरीवरचा, तुम्ही कुठल्या लांबीचा वापरता, आणि वरून धरता की बाजूने?