एसएमपीएसमधून (स्विचिंग पॉवर सप्लाय) मोटर ड्राइव्हच्या डिझाइनला जातोय, काय पक्कं करू?

हाफब्रिज:
नमस्कार मंडळी. मी सध्या कंट्रोल पॅनेलमधल्या २४ व्होल्टच्या पॉवर सप्लायचं डिझाइन करतो, फ्लायबॅक आणि एलएलसी प्रकारचे, ४८० वॅटपर्यंत. आता व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि सर्वो ड्राइव्हच्या पॉवर स्टेजसाठी निवड झालीये, ७.५ ते ४५ किलोवॅट रेंज. सर्किट बघितलं तर रेक्टिफायर, डीसी बस (रेक्टिफायरनंतरची डीसी लाइन), सहा आयजीबीटी (पॉवर स्विच), झालं, माझ्या एलएलसीपेक्षा सोपंच दिसतं आणि त्याचीच धास्ती वाटतेय, कारण इतकं सोपं असतं तर एकेका प्रॉडक्टवर लोक वर्षानुवर्षं का घालवतात? रोजचं काम नेमकं काय असतं? सिलिकॉन कार्बाइड (आयजीबीटीपेक्षा वेगवान स्विच) आत्ताच शिकायला घेऊ का? आणि फर्मवेअर मला फारसं येत नाही, त्याने अडेल का?

डीसीबस:
सर्किट सोपंच आहे रे. अवघड हे आहे की त्याच्या दोन्ही टोकांना काय जोडलं जाणार ते तुला माहीत नसतं. सप्लायचा लोड तुला ठाऊक असतो, ड्राइव्हच्या पुढे कोणी ५ मीटर केबल लावेल कोणी १५०, मोटर नवी असेल नाहीतर जुन्या इन्सुलेशनची.

केबलचंच बघ. ४१५ व्होल्ट थ्री फेज रेक्टिफाय केले की बस साधारण ५८७ व्होल्ट. केबलमधून पल्स साधारण १५० मीटर प्रति मायक्रोसेकंद वेगाने जातो आणि मोटरचा इम्पीडन्स केबलपेक्षा खूप जास्त असल्यामुळे तिथून परावर्तित होतो. राइज टाइम (पल्स वर चढायला लागणारा वेळ) १०० नॅनोसेकंद धरला तर जेमतेम ७-८ मीटर केबलवरच मोटरच्या टर्मिनलला बसच्या जवळजवळ दुप्पट व्होल्टेज दिसायला लागतं, म्हणजे ११०० च्या वर, आणि ते वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर येतं. वर केबलचं कपॅसिटन्स प्रत्येक स्विचिंगला चार्ज करावं लागतं, त्यामुळे छोटा ड्राइव्ह लांब केबलवर मोटर रिकामी फिरत असतानाही ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. बेंचवर २ मीटर केबल लावून टेस्ट केलं तर यातलं काहीच दिसत नाही.

आता सिलिकॉन कार्बाइडचा प्रश्न यातच आला. राइज टाइम २० नॅनोसेकंद झाला की तोच हिशोब दीड मीटरवर येतो, मग एकतर गेट रेझिस्टर वाढवून त्याला मुद्दाम हळू करायचं नाहीतर डीव्ही-डीटी (व्होल्टेज बदलण्याचा वेग) कमी करणारा किंवा साइन फिल्टर लावायचा. मोटरच्या आतच बसवलेला ड्राइव्ह असेल, किंवा फिल्टर लावून जास्त फ्रिक्वेन्सीला चालवायचा असेल, तर मात्र त्याचा खरा फायदा आहे. आणि शॉर्ट सर्किटमध्ये ड्राइव्हसाठीचे बरेच आयजीबीटी १० मायक्रोसेकंद तग धरतात, सिलिकॉन कार्बाइडला बहुतेक वेळा २-३ च मिळतात, तेवढ्यात डीसॅटने (स्विचवरचं व्होल्टेज बघून शॉर्ट ओळखणारं सर्किट) पकडून सॉफ्ट टर्न-ऑफ (मुद्दाम हळू बंद) करायचं असतं. म्हणून माझं मत, आधी आयजीबीटी नीट समजून घे.

प्रोबवाला:
रोजच्या कामाबद्दल सांगतो, निम्म्याहून जास्त वेळ मोजमापात जातो. स्कोपचं अर्थिंग काढून "फ्लोटिंग" मोजायची सवय कुठे दिसली तर तिथल्या तिथे थांबव, स्कोपची बॉडी ५०० व्होल्टवर येते, माणूस मरतो याने. डिफरन्शियल प्रोब वापर, करंट मोजायला रोगोव्स्की कॉइल (तारेभोवती घालायचा सेन्सर), आणि वरच्या स्विचचं गेट बघायचं असेल तर ऑप्टिकल आयसोलेशनवाला प्रोब, कारण साधा डिफरन्शियल प्रोब त्या डीव्ही-डीटीला गेटवर नसलेले स्पाइक दाखवतो आणि माणूस आठवडाभर भुतामागे धावतो. पॉवर बंद केल्यावरही बस मीटरने मोजल्याशिवाय हात घालायचा नाही, एलईडी विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं नाही.

जंक्शन_तापमान:
वरच्या दोघांनी थर्मल सोडलं म्हणून लिहिते. नवीन लोक फुल स्पीड फुल लोडचा लॉस काढतात आणि हीटसिंक निवडून मोकळे होतात. पण क्रेन किंवा होइस्टला मोटर जवळजवळ थांबलेली असताना पूर्ण टॉर्क लागतो, आउटपुट १-२ हर्ट्झ, म्हणजे एकच आयजीबीटी बराच वेळ सगळा करंट वाहतो मग थंड होतो मग परत तापतो. सरासरी तापमान छान दिसतं पण जंक्शनचं (चिपच्या आतलं) तापमान वरखाली होत राहतं आणि शेवटी बाँड वायर (चिपला जोडणाऱ्या बारीक तारा) सुटतात. त्यामुळे अ‍ॅप्लिकेशन कोणतं आणि त्याची लोड सायकल काय हे पहिल्या दिवशी विचारायचं, हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नकोस. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं, हे तर तुला सप्लायमधून माहीतच असेल.

हाफब्रिज:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः होइस्टचा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. फर्मवेअरचं कोणी सांगेल का? आणि पॉवर स्टेज हातात आल्यावर पहिली टेस्ट कुठली?

डीसीबस:
कोड लिहिता आला नाही तरी चालेल, पण फर्मवेअरवाल्यांशी त्यांच्या भाषेत बोलता यायला हवं. उदाहरण देतो, डेड टाइम (एक स्विच बंद करून दुसरा चालू करण्याआधी मुद्दाम ठेवलेला वेळ) तू ठरवणार, समजा २ मायक्रोसेकंद. ८ किलोहर्ट्झला ते १.६ टक्के होतं म्हणजे बसच्या हिशोबाने ९ व्होल्टच्या वर. ५० हर्ट्झला कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण १-२ हर्ट्झला मोटरलाच मुळात वीसेक व्होल्ट द्यायचे असतात, तिथे करंटचा आकार बिघडतो, टॉर्कला हिसके बसतात आणि कंट्रोलवाल्यांना कॉम्पेन्सेशन लिहावं लागतं. करंट सेन्सरचा ऑफसेट, एडीसी (मोजलेला सिग्नल आकड्यात बदलणारा भाग) कधी सॅम्पल घेतो, हे पण त्यांच्याबरोबर बसून ठरवायचं. सेफ टॉर्क ऑफ (मोटरचा टॉर्क सुरक्षितपणे तोडणं) मात्र हार्डवेअरचं काम धर, दोन स्वतंत्र चॅनेलने गेटचे पल्स तोडायचे असतात.

पहिली टेस्ट डबल पल्स (स्विचला फक्त दोन पल्स देऊन तो चालू-बंद होताना बघायचं). बस आधी कमी ठेवून हळूहळू वर ने, थेट ब्रेकिंगच्या वेळी चढते त्या ७५०-८०० पर्यंत, आणि करंट ट्रिप लेव्हलपर्यंत. करंट बदलण्याचा वेग ५ किलोअँपिअर प्रति मायक्रोसेकंद आणि लूपचं इंडक्टन्स २० नॅनोहेन्री म्हणजे १०० व्होल्ट ओव्हरशूट, तो मॉड्यूलच्या १२०० व्होल्टच्या मर्यादेत कितपत बसतो ते बघ. आणि हे फक्त गरम मॉड्यूलवर करू नकोस, थंडपण कर, थंड आयजीबीटी जास्त वेगाने बंद होतो आणि त्याची व्होल्टेज झेपायची क्षमताही थंडीत थोडी कमी होते, त्यामुळे सगळ्यात वाईट आकडा बहुतेक तिथेच सापडतो.