क्वेरीचा निकाल मजकूर फाइलीत उतरवण्याबाबत सल्ला हवा आहे (मायएसक्यूएल, मराठी नोंदी)

दाखलपुस्तक:
आमच्या सार्वजनिक वाचनालयातील ४२,६१३ पुस्तकांच्या नोंदी भाड्याच्या सर्व्हरवर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहेत. त्यांतील दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक आणि शेरा हे चार रकाने निवडून मला एक मजकूर फाइल करायची आहे. नवी प्रणाली बसवणाऱ्यांनी ती शनिवारपर्यंत मागितली आहे. माझ्याकडे फक्त वाचण्याचा अधिकार आहे आणि खर्चासाठी एक रुपयाही नाही. मराठी अक्षरे आणि ००४१७ असे शून्याने सुरू होणारे दाखल क्रमांक जसेच्या तसे राहायला हवेत.

तळघर:
नोंदी निवडणाऱ्या 'सिलेक्ट' या क्वेरीच्या शेवटी 'इन्टू आउटफाइल' लिहून फाइलीचे नाव द्यावे, काम एका ओळीत होते. मी गेली दहा वर्षे असेच करत आलो आहे.

सुपारीबाग:
मी तीन वर्षांपूर्वी यासाठी सशुल्क सॉफ्टवेअर घेतले आणि त्यानंतर एकदाही आज्ञा टंकावी लागली नाही. वर्षाला काही हजार रुपये जातात, परंतु समितीपुढे विषय ठेवून पाहावा.

रात्रपाळी:
तळघर यांचा उपाय येथे चालणार नाही. 'आउटफाइल'ने होणारी फाइल सर्व्हरच्या डिस्कवर तयार होते, आपल्या संगणकावर नव्हे; त्यासाठी 'फाइल' नावाचा वेगळा अधिकार लागतो आणि 'सिक्युअर फाइल प्रिव्ह' या सेटिंगमध्ये एखादे फोल्डर ठरवून दिले असेल, तर त्याबाहेर लिहिताच येत नाही. त्याऐवजी आपल्याच संगणकावरून मायएसक्यूएलचा क्लायंट (सर्व्हरशी जोडून आज्ञा देणारा प्रोग्राम) 'बॅच' पर्यायासह चालवून निकाल '>' या चिन्हाने फाइलीत वळवावा. रकाने टॅबने वेगळे होऊन येतात आणि वाचण्याचा अधिकार पुरतो.

जुनीशाखा:
आमच्या शाखेत ओरॅकल हा डेटाबेस होता आणि आम्ही निकाल फाइलीत उतरवणाऱ्या 'स्पूल' आज्ञेने रोज याद्या काढत असू. ओळीची लांबी आधी वाढवून घ्यावी, नाहीतर ८० अक्षरांवर ओळ तुटते, आणि 'पेजसाइज' शून्य करावा, नाहीतर शीर्षके पुन्हा पुन्हा छापली जातात. ही शिस्त आता कोणी पाळत नाही.

हत्तीप्रेमी:
पोस्टग्रेस हा डेटाबेस असता तर 'कॉपी' या आज्ञेने सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) लगेच मिळाली असती. नवी प्रणाली बसतेच आहे, तर डेटाबेसही बदलून घ्यावा.

रात्रपाळी:
पोस्टग्रेसमध्येही नुसती 'कॉपी' सर्व्हरवरच लिहिते. आपल्या संगणकावर फाइल हवी असेल तर 'पीएसक्यूएल' या त्याच्या क्लायंटमध्ये उलटी तिरकी रेघ देऊन 'कॉपी' लिहावी लागते. शनिवार जवळ आला असताना डेटाबेस बदलण्याचा सल्ला देऊ नये.

काना_मात्रा:
मराठीबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहिते. क्लायंटला 'यूटीएफ८एमबी४' हा अक्षरसंच स्पष्टपणे सांगावा. माझ्या एका यादीत जोडणी 'लॅटिन१' या रोमन अक्षरसंचावर राहिली होती आणि प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उतरले. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमधून (आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून) '>' वापरू नये, कारण ते फाइल यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षर-सांकेतिकीकरणात लिहिते. आणि तयार फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून साठवली, तर दाखल क्रमांकांची सुरुवातीची शून्ये जातात. ती साध्या मजकूर संपादकातच तपासावी.

सातबारा:
'इन्टू आउटफाइल' वापरून पाहिले का? मला त्याचा चांगला अनुभव आहे.

तळघर:
मीही तेच म्हणत होतो. सर्व्हर चालवणाऱ्यांकडे अधिकार मागावा, ते देतात.

दाखलपुस्तक:
सर्वांचे आभार. रात्रपाळी यांच्या पद्धतीने काल फाइल काढली आणि मराठी अक्षरे काना_मात्रा यांच्या सूचनेमुळे शुद्ध आली. मात्र आमच्या 'शेरा' रकान्यात जुन्या ग्रंथपालांनी दोन-दोन परिच्छेद लिहून ठेवले आहेत. 'बॅच' पर्याय त्यांतील प्रत्येक नव्या ओळीच्या जागी उलटी तिरकी रेघ आणि 'एन' लिहितो, आणि नवी प्रणाली ती खूण तशीच दाखवते. त्या शेऱ्यांत कोणत्या देणगीदाराने कोणते पुस्तक कोणाच्या स्मरणार्थ दिले, हे लिहिलेले आहे, त्यामुळे तो मजकूर बिघडवण्याची माझी तयारी नाही. म्हणून येथे कोणीच न सुचवलेला मार्ग धरला: पायथनमध्ये वीस ओळींचा प्रोग्राम लिहून त्यातील 'सीएसव्ही' मोड्यूलने प्रत्येक रकाना अवतरणचिन्हांत घातला आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये लिहिली. नंतर ती त्याच मोड्यूलने पुन्हा वाचून नोंदी मोजल्या. त्या ४२,६१३ भरल्या आणि ००४१७ची शून्ये जागेवर आहेत. फाइल आज दुपारी पाठवली.