मदत हवी आहे: मैत्रीचं प्रेम होतं तो प्रसंग काही केल्या जमत नाहीये

संत्र्याचीसाल
नमस्कार. लघुकादंबरी लिहिते आहे, दिवाळी अंकासाठी. मर्यादा वीस हजार शब्दांची, सोळा हजार झालेत, १५ ऑगस्टपर्यंत द्यायची आहे. गोष्ट नागपूरची. दोघं मित्र, हळूहळू प्रेमात पडतात. बाकी सगळं जमलंय, फक्त ते वळण जमत नाही. सात वेळा लिहिलं. दर वेळी पाऊस येतो, ती भिजते, तो बघत राहतो आणि मला मेलं हसू येतं. काय करू? लवकर सांगा. 'वाचन वाढवा' हे कृपया कोणी सांगू नका.

तर्रीबाज
सोपं आहे. फुटाळा तलावावर न्या. संध्याकाळ, भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट. आमच्या बॅचमधली निम्मी लग्नं तिथल्या कठड्यावर जमली. गर्दी नको असेल तर सेमिनरी हिल्स. पोराकडे गाडी कोणती आहे?

मनातलं_मनात
ताई, स्पष्ट सांगते, बोलून टाका त्याला. मी सहा वर्षं गप्प बसले. शेवटी त्याच्या लग्नात आहेर घेऊन गेले, आणि वर पंगतीत वाढलंही.

संत्र्याचीसाल
@मनातलं_मनात अहो, कादंबरी आहे ही. माझं काही नाही.

मनातलं_मनात
सगळ्या असंच म्हणतात.

जुनाखोंड
माहिती अपुरी आहे. गोष्ट कोण सांगतंय, तो, ती की तिसराच कोणी? काळ कोणता? वय काय? नागपूर म्हणजे कुठलं, महाल-इतवारीचं की धरमपेठेचं? दोन्हीकडे माणसं प्रेमात वेगळी पडतात.

संत्र्याचीसाल
तृतीयपुरुषी, पण तिच्या बाजूनं. काळ २०१८ ते २०२४. पहिल्याच प्रकरणात दोघं बर्डीहून खापरीला मेट्रोनं जातात, तिथे त्यांचं

संत्र्याचीसाल
अर्धवटच गेलं. तिथे त्यांचं भांडण होतं.

जुनाखोंड
२०१८ मध्ये कुठली मेट्रो? बर्डी-खापरी मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. २०१८ ला वर्धा रोडवर पत्रे आणि धूळ होती. त्या पत्र्यांच्या कडेकडेने त्यांना स्कूटरवर न्या. भांडणही जास्त खरं वाटेल, कारण मागच्याला पुढच्याचं ऐकू येणार नाही. आणि वय सांगितलं नाहीत.

संत्र्याचीसाल
तो ४३, ती ४१.

तर्रीबाज
मग मला कणीस काहून भाजायला लावलं बाप्पा!

संत्र्याचीसाल
कॉलेजातली पोरं आहेत असं मी कुठे म्हटलं? कॉलेजपासूनचे मित्र आहेत. बावीस वर्षांची मैत्री. तो विधुर, घरी म्हातारी आई. तिनं लग्न केलं नाही. नावं अजून ठरायची आहेत, फाइलमध्ये नुसतं 'बाई' आणि 'बुवा' असं आहे. दर शनिवारी सकाळी एकाच ठेल्यावर पोहे खातात, बायको होती तेव्हाही खायचे, तीही यायची. हे सगळं तर उघडच आहे ना.

लक्ष्मीनगरची_काकू
कोणाला उघड आहे? विधुर हा शब्द पहिल्या ओळीत हवा होता. बायको जाऊन किती वर्षं झाली? तिची आणि बाईची मैत्री कशी होती? तिथेच सगळं अडलं असणार. पाऊस बिचारा काय करेल.

संत्र्याचीसाल
पाच वर्षं. मैत्री चांगली होती. हं, तिथेच अडलंय बहुतेक.

टंकलेखक
फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे? युनिकोडमध्ये नसेल तर अंकवाल्यांकडे उघडताना 'ऱ्या'चा सत्यानाश होतो. माझ्या कथेतल्या 'बिचाऱ्या' बायका छापताना 'बिचाया' झाल्या होत्या. आधी ते बघा, प्रेमाचं नंतर.

तर्रीबाज
ठेला कोणता? तर्री वेगळ्या वाटीत देतो की पोह्यावरच ओततो? वाटीत देत असेल तर ते पोहे नव्हेत, ती पुण्याची सोय आहे. यावर गोष्ट ठरते.

वर्ध्याची_पुण्यात
@तर्रीबाज पुण्याला मधे आणू नका. आम्ही इथे हरभऱ्याची तर्री घरी करतो, रश्श्यावर बोटभर तवंग असतो.

तर्रीबाज
बोटभर! मोजायला कोण बसलं होतं?

नाग_नदीकाठ
बुवा राहतो कुठे?

संत्र्याचीसाल
अंबाझरी ले-आउट. का?

नाग_नदीकाठ
का म्हणजे? अंबाझरी ले-आउट, गोष्ट २०२४ पर्यंत, आणि तुम्ही पाऊस शोधून राहिल्या? २३ सप्टेंबर २०२३. तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. आम्हाला मध्यरात्रीनंतर जाग आली ती फ्रिज भिंतीवर आपटल्याच्या आवाजानं. लाइट नाही. आदल्या दिवशी महालक्ष्मीचं जेवण झालेलं, महालक्ष्म्या बसलेल्याच होत्या, दुसऱ्या दिवशी उठवायच्या होत्या. आईनं दागिने सोडले आणि दोन्ही मुखवटे छातीशी धरून जिना चढली. मुखवट्यांखालच्या कोठ्या साड्यांसकट तरंगत होत्या.

संत्र्याचीसाल
पूर मी मुद्दाम टाळला होता. भडक होईल म्हणून.

जुनाखोंड
बरोबर केलंत. संकटात कोणीही कोणाच्या गळ्यात पडतं, लेखकाला फुकटात मिळतं ते. पूर घेऊ नका.

नाग_नदीकाठ
@जुनाखोंड तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का?

जुनाखोंड
नाही. पण वाईट कादंबऱ्या भरपूर शिरल्यात.

धरमपेठी
पूर का आला ते आधी लिहा. नदीचं पात्र कोणी अरुंद केलं, ओसंडणाऱ्या पाण्याच्या वाटेत बांधकामं कोणी उभी केली, यावर वेगळा धागा काढून

संपादक मंडळ
वेगळा धागा काढावा. इथे नको.

लक्ष्मीनगरची_काकू
जुनाखोंड, तुम्ही पुराच्या रात्रीचं बोलता आहात. मी नंतरच्या चार दिवसांचं म्हणते. माझ्या बहिणीकडे गाळ काढायला गेले होते. गाद्या फेकायच्या, पंचनाम्यासाठी फोटो काढायचे, भिजलेले कागद दोरीवर वाळत घालायचे. तेव्हा कोणाला कोणाच्या घरातलं काय माहीत आहे ते कळतं. बहिणीची जाऊ वीस वर्षं त्या घरात, तिला कपाटाची किल्ली ठाऊक नव्हती, मोलकरणीला होती. तुमच्या बाईला त्या गेलेल्या बायकोच्या साड्या कुठे ठेवल्यात ते माहीत असेल. बुवाला नसेल.

संत्र्याचीसाल
काकू.

वर्ध्याची_पुण्यात
दिनदर्शिका बघितली. २३ सप्टेंबर २०२३ शनिवारच होता. म्हणजे पोह्यांचा दिवस.

तर्रीबाज
मी म्हटलं होतं, यावर गोष्ट ठरते.

वर्ध्याची_पुण्यात
ते दोघं एकमेकांशी बोलतात कसे? एरवीच्या संवादाच्या चार ओळी टाका. प्रेमाच्या नकोत.

संत्र्याचीसाल
"काय बे, उशीर?"
"पंक्चर बे. तू खाल्ले?"
"एक प्लेट बे. तुझ्यासाठी थांबू का जन्मभर?"
"थांब बे, पैसे मीच देणार आहे."

वर्ध्याची_पुण्यात
हे तर छान आहे! मग अडलंय कुठे? बावीस वर्षं प्रत्येक वाक्यात 'बे' आहे, आपलं नागपुरी दोस्तीतलं 'अरे'. एक वाक्य बिना'बे'चं येऊ द्या. बाकी काही करू नका. हात धरायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. वाचणारा नागपूरचा असेल तर खुर्चीतून उठेल.

विदर्भकन्या
बाईमाणसाला 'बे' कोण म्हणतं? आमच्याकडे भावाला म्हटलं तरी आजी पाठीत धपाटा घालायची.

धरमपेठी
आमच्या इंजिनिअरिंगला मुलीच मुलांना 'बे' म्हणायच्या. महालात नसतील म्हणत.

विदर्भकन्या
महालाला नावं ठेवायचं काम नाही.

जुनाखोंड
'बे'ची सूचना चांगली आहे. पण पुण्यामुंबईच्या वाचकाला कळणार नाही.

वर्ध्याची_पुण्यात
नाही कळलं तर नाही कळलं. त्यांचे चाळीतले जिने आपण इतकी वर्षं समजून घेतोच आहोत.

मनातलं_मनात
तो 'बे' म्हणायचा थांबला आणि तिला कळलंच नाही तर? मला नव्हतं कळलं.

संत्र्याचीसाल
सगळ्यांचे आभार, रात्री लिहून काढलं. पूर घेतला, पण पुराची रात्र नाही. बाई शनिवारी दुपारी पोचते, पाणी ओसरल्यावर. चौथ्या दिवशी गाळातून साड्यांचं गाठोडं तीच काढते, धुते, गच्चीवर वाळत घालते. बुवा खालून बघतो. बायकोच्या साड्या आहेत हे त्याला आधी ओळखूच येत नाही. संध्याकाळी ती निघताना तो म्हणतो, "उद्या येशील?" एवढंच. 'बे' नाही. तिला वाटतं, साड्यांना हात लावला म्हणून हा रागावला. शंकरनगर चौकात सिग्नलला उभी असताना तिच्या लक्षात येतं की तो रागावला की 'बे' जास्त म्हणतो. मागचे हॉर्न वाजवत राहतात. (@मनातलं_मनात, सिग्नल तुमच्यामुळे.)

काकू, गाठोडं तुमचं. अंक आला की पाठवीन, पत्ता निरोपात कळवा. मेट्रो काढून स्कूटर घातली.

मनातलं_मनात
दुसऱ्या दिवशी ती जाते ना?

संत्र्याचीसाल
जाते. पोहे घेऊन.

तर्रीबाज
पार्सल? तर्री वेगळ्या पिशवीत ना? नाहीतर पोह्यांचा लगदा होतो.

टंकलेखक
फॉन्ट कोणता ते अजून सांगितलं नाहीत.