दावोस, जी-२०, बिल्डरबर्ग: बडोद्याच्या माणसाने यात लक्ष घालावं का?

रावपुरा_वाणिज्य (मूळ धागा)

जानेवारीत दावोसच्या बातम्या सुरू झाल्या की आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींत एकच सूर लागतो: श्रीमंतांची जत्रा, आपल्याला काय त्याचं! मला हे पटत नाही. मी कॉलेजात वाणिज्य शिकवते, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी कोण काय ते. दावोस हे स्वित्झर्लंडमधलं साधारण १५६० मीटर उंचीवरचं गाव. क्लाउस श्वाब या जर्मन प्राध्यापकांनी १९७१ मध्ये तिथे युरोपातल्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांना बोलावलं. त्यासाठी काढलेल्या संस्थेचं नाव १९८७ मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम झालं आणि हळूहळू पंतप्रधान, अर्थमंत्री, बँकांचे प्रमुख सगळेच येऊ लागले. बिल्डरबर्ग ही युरोप-अमेरिकेतल्या बड्या मंडळींची खाजगी बैठक, त्याहून जुनी, १९५४ ची. नेदरलँड्समधल्या ज्या हॉटेलात पहिली बैठक झाली त्याचंच नाव तिला पडलं. तिथे सव्वाशे-दीडशेच पाहुणे असतात. जे ऐकलं ते वापरायला हरकत नाही, पण कोण बोललं ते सांगायचं नाही. जी-२० मात्र मोठ्या अर्थव्यवस्थांच्या सरकारांची. आशियातल्या आर्थिक संकटानंतर १९९९ मध्ये अर्थमंत्र्यांपुरती सुरू झाली, आणि २००८ च्या मंदीत वॉशिंग्टनला राष्ट्रप्रमुख पहिल्यांदा एकत्र बसले. अशाच धर्तीवर चीनमध्ये भरणारं बोआओ संमेलन आहे, आपली व्हायब्रंट गुजरात ही गुंतवणूक परिषद २००३ पासून आहे.

यातल्या कुठल्याच ठिकाणी कायदा होत नाही. पण पुढे कायद्यात काय येणार याची पायाभरणी तिथे होते. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी कुठेही नफा दाखवला तरी किमान १५ टक्के कर भरावा, ही गोष्ट वर्षानुवर्षं अशक्य म्हणून सोडून दिलेली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोमच्या जी-२० परिषदेत तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. गरीब देशांतल्या मुलांसाठी लशी पुरवणारी गावी ही संस्था २००० साली दावोसलाच जाहीर झाली, आणि आपल्याकडच्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या) लशीलाही तिची मदत झाली. आपण पाठ फिरवली म्हणून या बैठका थांबणार नाहीत. तिथे आपलं कोण बोलतंय आणि काय बोलतंय, एवढं तरी आपण विचारायला हवं.

मकरपुरा_जीआयडीसी

मॅडम, तुमच्याबद्दल आदर ठेवून विरोध करतो. माझं मकरपुऱ्यात बोल्ट-नट आणि टर्निंगचं छोटं युनिट आहे. माझा काही माल एका निर्यातदारामार्फत युरोपात जातो. तिथे कार्बनचा सीमाकर आलाय, म्हणजे माल बनवताना जितका कार्बन वायू निघाला त्यावर आयातीच्या वेळी कर; ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देणं सुरू झालं आणि १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन, आणि पोलादाबरोबर बोल्ट-नटसुद्धा. निर्यातदाराने मला एक तक्ता पाठवला: सळई कुठल्या भट्टीतली, ती कोळशावरची की विजेवरची, एक टन मालाला वीज किती. मी सळई घेतो फतेहगंजच्या व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे बिल असतं, फार तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट. त्या कागदावर कार्बन आणि मँगनीजचे टक्के असतात, भट्टीतून किती धूर निघाला ते नसतं. रकाने कशाने भरू?

दावोसला हवामानावर इतकी वर्षं भाषणं झाली, त्यातल्या एकाही माणसाला हा तक्ता भरावा लागला नाही. आणि करार म्हणाल तर २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने दावोसला १५ लाख कोटींहून जास्त रकमेचे सामंजस्य करार केले. त्यात मोठे आकडे रिलायन्स आणि जेएसडब्ल्यूचे. दोन्ही मुंबईच्या कंपन्या! मंत्रालयातून चालत जाऊन जे काम झालं असतं त्यासाठी आल्प्स कशाला? आपल्याकडे टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना आला. तो २०२१ च्या संरक्षण खात्याच्या ५६ विमानांच्या करारातून आला, त्यातली ४० इथे बनायची असं त्या करारातच होतं. काम देणारा करार असा असतो.

रावपुरा_वाणिज्य

मुंबईच्या कंपन्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, त्या आकड्यांचं समर्थन मी करणार नाही. सामंजस्य करार म्हणजे गुंतवणूक नव्हे, हे मी वर्गात पहिल्या तासाला सांगते.

पण कार्बन कराचा कायदा ब्रुसेल्समध्ये झाला, दावोसला नाही. आणि त्यात पुढे सूटही आली: जो युरोपीय आयातदार वर्षाला ५० टनांपर्यंतच असा माल आणतो त्याला हा कर लागत नाही. ती सूट तिथल्या उद्योगांनी सतत तगादा लावला म्हणून मिळाली. बोलणारा होता म्हणून मिळाली, मला एवढंच म्हणायचंय.

मकरपुरा_जीआयडीसी

५० टन मला माहीत आहेत. ते मोजतात आयातदाराचे, माझे नाहीत. तो माझ्यासारख्या दहा जणांकडून माल उचलतो, त्याची मर्यादा कधीच ओलांडली जाते. बोलणारा होता, पण तो त्यांचा होता.

सूरसागर_काठ

मला मकरपुरावाल्यांचं पटतं, आणि दाखला आपल्याच गावचा देतो. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं स्वतः फिरून पाहिली आणि १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाला इथे आणून बसवलं. गावोगाव वाचनालयं, फिरत्या पुस्तकपेट्या, मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी त्यातून उभं राहिलं. तिथली काचेची जमीन ज्याने पाहिली नसेल त्याने एकदा जाऊन पाहावी. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून काच घातली आहे, आणि लोखंडी मांडण्यांवर पुस्तकं. नुसत्या फोटोवरून ती कल्पना येत नाही.

महाराज परिषदांनाही जात. लंडनच्या गोलमेज परिषदेला गेले, १९३३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. त्या भाषणांतून बडोद्याला काय मिळालं? जे मिळालं ते काम बघायला गेल्यामुळे. पुढाऱ्यांना पाठवायचंच असेल तर एखाद्या जर्मन तंत्रशाळेत महिनाभर पाठवा.

अलकापुरी_वकील

काका, गोलमेज परिषदेचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. १९३० च्या त्या परिषदेत महाराजांबरोबर डॉ. आंबेडकरही होते, ज्यांना बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकता आलं. अस्पृश्य समाजाच्या राजकीय हक्कांची मागणी त्यांनी त्या व्यासपीठावरून मांडली आणि ती नोंदली गेली. त्यानंतर १९३२ चा जातीय निवाडा, मग पुणे करार आणि प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा. ते तिथे नसते तर त्यांच्या वतीने दुसराच कुणी बोलला असता. ग्रंथालय बघून आणता येतं. हक्क बघून आणता येत नाहीत, त्यासाठी समोर बसून मागावं लागतं.

म्हणून "जाऊच नका" हे मला मान्य नाही. पण मॅडम, तुम्ही दावोस आणि जी-२० एका तागडीत तोलताय, तिथे माझा आक्षेप आहे. गोलमेज परिषदेचं सगळं कामकाज छापून प्रसिद्ध झालं, आज कुणीही वाचावं. जी-२० चं जाहीरनामापत्र असतं, त्यावर सरकारला संसदेत प्रश्न विचारता येतो. दावोस ही खाजगी संस्था आहे, कंपन्या सभासदत्वाचं शुल्क भरतात. बरीचशी सत्रं सगळ्यांना दिसतात हे खरं, पण मंत्री आणि कंपनीप्रमुख जिथे बंद दाराआड भेटतात त्या भेटींची नोंद कुठे आहे? आपल्या पैशाने गेलेला मंत्री कुणाला भेटला आणि काय बोलला हे विधानसभेच्या पटलावर आलं पाहिजे. नसेल यायचं, तर जाऊ नये.

रावपुरा_वाणिज्य

हा आक्षेप मी मनापासून घेते. पटलावर ठेवायची अट मलाही हवी.

तरी एक सांगते. दावोस फार लांब, पण जुलै २०२३ मध्ये जी-२० च्या व्यापार आणि गुंतवणूक कार्यगटाची बैठक केवडियाला झाली, इथून दोन तासांवर. पुढे ऑगस्टमध्ये जयपूरला व्यापारमंत्र्यांनी लघुउद्योगांना परदेशी बाजारांची माहिती सहज मिळावी म्हणून आवाहन केलं. जयपूर कॉल फॉर ॲक्शन असंच त्याचं नाव. विषय शब्दशः मकरपुऱ्याचा होता. आपल्या किती जणांना तो माहीत होता? स्थानिक वर्तमानपत्रात पाहुण्यांच्या स्वागताचे आणि गरब्याचे फोटो होते. आपणही तेवढंच पाहिलं.

सूरसागर_काठ

म्हणजे दोन तासांवर लघुउद्योगांवर बैठक होती आणि मकरपुऱ्यातल्या एकालाही कुणी विचारलं नाही. हा दाखला तुमच्या बाजूचा की माझ्या?

मकरपुरा_जीआयडीसी

मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी गेलो असतो. आत सोडलं नसतं, तरी दोन पानांचं निवेदन दिलं असतं.

वकीलताई, पटलावर ठेवा म्हणता ते ठीक, पण ते परत आल्यानंतरचं झालं. मला जाण्याआधीचं हवंय. व्यापार खात्याचा माणूस कुठल्याही बैठकीला निघण्याआधी महिनाभर त्याने मकरपुरा, वाघोडिया, सावली, नंदेसरीच्या असोसिएशनमध्ये यावं, समोर बसावं, आणि आमच्या अडचणी लिहून घ्याव्यात. मी माझा तक्ता घेऊन येईन. सळईवाल्या व्यापाऱ्यालाही आणेन, कारण भट्टीचा आकडा मिलने बिलासोबतच द्यावा हा नियम सरकार इथल्या इथे करू शकतं, त्याला ब्रुसेल्सचीही परवानगी लागत नाही. निवेदनाचा मसुदा मॅडमनी गुजरातीत आणि इंग्रजीत करून दिला तर सह्या मी गोळा करतो. रविवारी सकाळी असोसिएशनचं ऑफिस उघडं असतं.

अलकापुरी_वकील

इंग्रजी मसुदा माझ्याकडे द्या. माहितीच्या अधिकाराचा अर्जही सोबत जोडते: केवडियाच्या बैठकीआधी गुजरातमधल्या कुठल्या उद्योगसंघटनांचं मत घेतलं होतं, त्यांची यादी मागू.