अनुभव धागा: ज्या नोकरीला तुम्ही मनापासून ‘हो’ म्हणालात

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या टीमसाठी माणसं निवडायचं काम माझ्याकडे आहे. उमेदवार ऑफर स्वीकारतो, ९० दिवसांचा नोटीस पिरियड सुरू होतो, मधल्या काळात दुसरीकडून मोठा आकडा येतो आणि जॉइनिंगच्या तोंडावर त्याचा फोन लागेनासा होतो. पगाराचा आकडा फारसा माझ्या हातात नाही. मुलाखत कशी घ्यायची, काय सांगायचं, कधी कळवायचं हे मात्र पूर्ण माझ्या हातात आहे. म्हणून विचारते: समोरच्याने असं काय केलं की तुम्हाला तिथेच जावंसं वाटलं? तुम्ही स्वतः माणसं नेमत असाल तर तेही लिहा. क्षेत्र कुठलंही चालेल, कंपन्यांची नावं नकोत.

भोसरी, मशीन शॉप सुपरवायझर

आमच्याकडे सीएनसी आणि व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं आहेत. आयटीआय झालेली मुलं लातूर, परभणी, बीडकडून येतात. त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. ‘कंपनीच्या रोलवर घेणार का कॉन्ट्रॅक्टवर?’ हा असतो. सोबत वडील आले असतील तर तेही हेच विचारतात. याचं उत्तर मी बाकी काही बोलायच्या आधी देतो.

मग ऑफिसात न बसवता थेट शॉपवर नेतो. कोणतं मशीन मिळणार, कंट्रोलर फानुकचा का सीमेन्सचा, आवाज किती, कूलंटचा वास कसा, सगळं बघू दे. चहाच्या सुट्टीत त्याला आमच्या ऑपरेटरांपाशी सोडतो आणि मी तिथून निघून जातो. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी नंतर कुणालाच विचारत नाही. मुलाला जे माझ्याकडून कळणार नाही ते त्याला तिथे कळतं, आणि तसंच कळायला हवं.

पगाराची जुनी स्लिप नाव झाकून दाखवतो. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मिळतो, तो कुठल्या रकान्यात येतो हे बोट ठेवून सांगतो. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू होतं आणि त्यात अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही उपचार होतो, हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. हे ऐकल्यावर वडील सावरून बसतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. शेवटी हेल्पर म्हणून आलेला आणि आज सेटर (कामाआधी मशीन जुळवून देणारा) असलेला आमचाच एक मुलगा भेटवतो. पुढे काय होता येईल हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

नाशिक, स्टाफ नर्स (जीएनएम)

मी दोन ठिकाणी मुलाखत दिली होती. एका हॉस्पिटलात पगार जरा जास्त होता, पण मूळ प्रमाणपत्रं जमा करा आणि बॉण्ड लिहून द्या म्हणाले. दुसरीकडे मेट्रननी मूळ कागद बघून तिथल्या तिथे परत केले. आयसीयूत एका सिस्टरकडे किती पेशंट असतात, महिन्याला नाईट किती लागतात, नाईट संपल्यावर सुट्टी मिळते का, हे मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. ड्यूटीचा तक्ता भिंतीवर होता, तोही वाचायला दिला. मी कमी पगार घेतला. अजून तिथेच आहे.

ठाणे, पेरोल अकाउंटंट

सीटीसीबद्दल, म्हणजे कंपनी तुमच्यावर एकूण किती खर्च करते त्या आकड्याबद्दल, कुणीतरी लिहायलाच हवं. समजा बेसिक महिना ५०,००० आहे आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जातो. मालकाचा १२ टक्के वाटा म्हणजे ६,००० आणि ग्रॅच्युइटीसाठी धरलेले ४.८१ टक्के म्हणजे २,४०५. हे ८,४०५ रुपये दर महिन्याच्या सीटीसीत मोजलेले असतात, पण खात्यात येत नाहीत. त्यातून ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावरच मिळते. मग उमेदवाराच्या स्वतःच्या पगारातून पीएफचे आणखी ६,००० आणि व्यवसाय कराचे २०० जातात, फेब्रुवारीत ३००. शिवाय इन्कम टॅक्स. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, तर वर्षाअखेरीस, तोही मिळाला तर.

हा हिशेब पहिल्या पगाराच्या दिवशी कळला की माणूस त्याच संध्याकाळी रिझ्युमे अपडेट करतो. ऑफर लेटरसोबत एका पानावर महिन्याचा हातात येणारा पगार लिहून द्या. कुठल्याही एचआरला हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न करण्याला मला एकही पटण्यासारखं कारण दिसत नाही.

सिएटल, मूळची कोल्हापूरची

वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी २०२३ पासून १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीतच पगार कितीपासून कितीपर्यंत ते छापावं लागतं. उमेदवाराला आधीचा पगार विचारायलाही बंदी आहे. भारतात असताना ‘सध्या किती मिळतात?’ हाच पहिला प्रश्न असायचा आणि नवा पगार त्यावर टक्के चढवून ठरायचा. सुरुवात कमी पगारावर झालेला माणूस मग कायम मागेच राहतो. इथे मी माणसं निवडते तेव्हा आकडा दोघांच्या समोर असतो आणि सगळा वेळ कामाबद्दल बोलण्यात जातो. भारतात असा कायदा नसला तरी आकडा छापायला कुणी अडवलेलं नाही.

पुणे, बाळंतपणानंतर पुन्हा नोकरी

माझ्या मॅनेजरने ‘घरी बाळाला कोण सांभाळतं?’ हे विचारलं नाही. त्याने आठवड्याच्या मीटिंगांचं वेळापत्रक दाखवलं आणि संध्याकाळी सहानंतर एकही नसते हे सांगितलं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते. कित्येक ठिकाणी तो विषय आपणच दबकत काढावा लागतो. इथे त्याने स्वतःहून पाळणाघर दाखवायला नेलं, तिथल्या ताईंशी ओळख करून दिली. घरी येताना रिक्षातच मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की ठरलं.

रत्नागिरी जिल्हा, विज्ञान शिक्षिका

सोलापूरहून कोकणात एकटी येणार होते. मुख्याध्यापकांनी आधी भाड्याची खोली बघून ठेवली आणि पावसाळ्यात एसटी कुठवर येते तेही सांगितलं. प्रयोगशाळेत काय नाही याची यादी दिली. एवढ्या खरेपणावर मी आले.

मुंबई, ग्राफिक डिझायनर

निवडीसाठी दिलेल्या कामाचे पैसे दिले. निवड न झालेल्यांनाही दिले. या क्षेत्रात फुकट ‘टेस्ट’ करून घेतलेली डिझाइनं पुढे वापरली जातात ही भीती खरी आहे, त्यामुळे याचं मोल मला फार वाटतं.

हैदराबाद, डेटा इंजिनिअर

मला आधी नकार मिळाला होता, पण तो मॅनेजरने स्वतः फोन करून दिला. सिस्टिम डिझाइनमध्ये काय कमी पडलं आणि काय वाचू, दोन्ही सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच टीममध्ये जागा निघाली तेव्हा मी बाकी कुठे अर्जच केला नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हातात येणाऱ्या पगाराचं पान पुढच्या ऑफरपासून देणार, एचआरशी बोलणं झालंय. उमेदवाराला टीमबरोबर माझ्याशिवाय बसवायचंही ठरवलंय. एक विचारायचं राहिलं: नोटीस पिरियडमध्ये त्याला टीमच्या जेवणाला बोलावलं तर दडपण येईल का?

हैदराबाद, डेटा इंजिनिअर

बोलवा, पण ‘जमलं तर ये’ असंच म्हणा. आणि जॉइन होईपर्यंत वाचायला, बघायला कामाचं काही पाठवू नका. तो अजून दुसऱ्या कंपनीचा पगार घेतोय.