आईला सर्व्हायकल डिस्टोनिया आहे, घराबाहेर पडणंच बंद केलंय

शिलाईवाली_लेक:
नमस्कार, आम्ही सोलापूरचे. आई ५२ वर्षांची, युनिफॉर्म शिवायचं काम करते. दोन वर्षं झाली मान आपोआप डावीकडं वळायलीय, खांदा पण वर येतो. आधी स्पॉन्डिलायटिस म्हणून पट्टा, ट्रॅक्शन, शेक सगळं करून झालं, शेवटी न्यूरोलॉजिस्टनी डिस्टोनिया सांगितलं, म्हणजे मानेचे स्नायू आपोआप आखडून मान वळते. दुखतंय तर आहेच, पण गड्ड्यात (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) नंदीध्वज बघताना एकीनं विचारलं "ध्वज इकडं, तू तिकडं काय बघतीस?" तेव्हापासून ती कुठं येतच नाही. आणि हनुवटीला बोट लावलं की मान सरळ होती, म्हणून घरातलेच म्हणतेत नाटक करतीय. डॉक्टर बोटॉक्सचं इंजेक्शन घ्या म्हणाले. कोणी घेतलंय का, रोजचं कसं निभावता?

अकलूजकर_ताई:
मला ८ वर्षं झाली. ताई, नाटक अजिबात नाही, बोट लावल्यावर मान सरळ होणं ही या आजाराची ओळखच आहे, डॉक्टर सेन्सरी ट्रिक म्हणतात त्याला, घरातल्यांना डॉक्टरांसमोरच ऐकवा. झोपेत वळणं थांबतं आणि टेन्शन आलं की वाढतं, म्हणून लोक बघायला लागले की अजून जोरात वळते, हे मी रोज भोगलंय. इंजेक्शन घेते मी, साधारण दर तीन महिन्यांनी. आठवडा-दोन आठवड्यात फरक कळायला लागतो, महिन्याभरात पूर्ण असर येतो, मग हळूहळू ओसरतो. त्यानं बरं होत नाही, पण मधले दिवस आपले असतात. इंजेक्शन डिसेंबरात पडेल असं बघा, संक्रांतीला गड्ड्यात येतील आई.

फिजिओ_सोलापूर:
मानेला झटका देऊन "बसवून" देणाऱ्याकडं कृपा करून नेऊ नका. इंजेक्शननंतर काही दिवस गिळायला जड जाऊ शकतं, तेव्हा आमटीत भाकरी कुस्करून मऊ द्या, आणि गिळताच येईना किंवा श्वास अडकायला लागला तर लगेच दवाखाना गाठा. डॉक्टरांना फक्त मान किती वळते ते सांगू नका, झोप, दुखणं, लोकांत जायची भीती हे पण सांगा. मान-चेहऱ्याच्या डिस्टोनियासाठी सीडीक्यू-२४ नावाची २४ प्रश्नांची प्रश्नावली आहे, त्यात दुखणं, मनाची अवस्था, लोकांत वावरणं असंच विचारतात. मन खचलं असेल तर त्याचा पण वेगळा इलाज करावाच लागतो.

शिलाईवाली_लेक:
आत्ता आईला सगळं वाचून दाखवलं, हनुवटीवर बोट ठेवूनच ऐकत होती. नाटक नाही हे दुसऱ्यांदा वाचायला लावलं. ताई, ती विचारतीय, भाकरी थापताना दोन्ही हात अडकतात, मग हनुवटीला काय करता?

अकलूजकर_ताई:
थापायचं जावेकडं दिलं, मी भाजते. एक हात मोकळा राहतो.