शब्दचर्चा : बसून ऐकायच्या टेक्नोला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : टेक्नो म्हणजे यंत्रांवर रचलेलं, अखंड ठोक्याचं नृत्यसंगीत. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या वॉर्प रेकॉर्ड्स या संगीत कंपनीनं १९९२ मध्ये काढलेल्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या टेक्नोच्या संकलनावर लिहितोय. मुखपृष्ठावर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव, जमिनीवर पिंक फ्लॉइड आणि क्राफ्टवेर्क या बँडच्या रेकॉर्डी. हे संगीत ऐकण्यासाठी आहे, असं वॉर्पनं छापूनच टाकलं होतं. याला ‘श्रवणीय टेक्नो’ म्हटलेलं चालेल का?

– श्रवणीय नको. श्रवणीय म्हणजे कानाला गोड; तो शेरा झाला, प्रकार नव्हे. नाचायचं टेक्नोही श्रवणीय असू शकतं. ‘श्राव्य’ म्हणजे तर नुसतं ऐकू येणारं.

– मग ‘संथ टेक्नो’?

– संथ लयीला म्हणतात. या संकलनातली पहिलीच रचना ‘पॉलिगॉन विंडो’ ऐका, चांगली वेगात चालते. स्पीडी जे या कलाकाराचं ‘डी-ऑर्बिट’ मात्र खरंच संथ. दोन्ही एकाच तबकडीवर आहेत, त्यामुळे लयीवरून नाव पाडता येणार नाही. बर्लिनच्या बेसिक चॅनेल या टेक्नो जोडीचंही तेच. ठोका अखंड चालू असतो, पण एकच स्वरमेळ प्रतिध्वनीत भिजून पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी कडा थोडी बदललेली. लक्ष त्या कडेकडे जातं आणि ठोका मागे सरतो. हा फरक ऐकण्याच्या रीतीचा आहे.

– रीतीचाच असेल तर आपल्याकडे शब्द तयार आहे : बैठकीचं. फडाची लावणी आणि बैठकीची लावणी हा भेद आपण करतोच. ढोलकी फडात घुमते; बैठकीत गाणारी बसून एकेक ओळ वेगवेगळ्या अदेनं मांडते आणि ऐकणारा तो बारकावा टिपायलाच आलेला असतो. ‘बैठकीचं टेक्नो’ म्हणा.

– पण बैठकीला चार माणसं लागतात, समोर कलावंत लागतो. हे तर घरी एकट्यानं ऐकायचं.

– आक्षेप रास्त आहे. तरीही मी ‘बैठकीचं’च घेईन, कारण विरोध नेमका दिसतो. आपल्याकडे टेक्नो म्हटलं की कुणाला गोव्यातल्या पार्ट्या आठवतात, कुणाला मिरवणुकीतला डॉल्बी. त्या वाचकाला ‘बैठकीचं’ म्हटल्याबरोबर कळतं की इथे उठून नाचायचं नाही. शिवाय मुखपृष्ठावरचा यंत्रमानव बसलेलाच आहे! ‘बुद्धिमान नृत्यसंगीत’ असलं भाषांतर मात्र कृपा करून करू नका. पुढे रूढ झालेल्या ‘इंटेलिजंट डान्स म्युझिक’ या इंग्रजी नावावर काही कलाकारांनीच नापसंती दाखवली होती, आणि त्यातून नाचणारे निर्बुद्ध ठरतात.

– प्रश्नकर्ता : ‘बैठकीचं’ घेतो. पहिल्या उल्लेखाला ‘एकट्यानं ऐकायचं, बैठकीचं टेक्नो’ असं लिहीन, पुढे नुसतं ‘बैठकीचं’. आणि बेसिक चॅनेलचा तो विरत जाणारा प्रतिध्वनी, त्याला ‘घुमारा’ चालेल?

– डग्ग्याच्या खर्जासाठी घुमारा फार सुंदर आहे. इथे लांबत जाणाऱ्या स्वराला सतारिये म्हणतात तसं ‘आस’ म्हणा.